पीटीचा तास कोणाचा? शारीरिक शिक्षक घडवण्याचा इतिहास आणि दिव्यांग विद्यार्थी



हा विषय मी घेतला हे कळल्यावर एक-दोघांनी विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. पीटीच्या तासाशी तुमचा काय संबंध?" संबंध साधा आहे. बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमात शारीरिक शिक्षणाचा इतिहास, तत्त्वे आणि पाया असा एक पेपर असतो. त्यातली 'तत्त्वे' शिकवायला मैदानावरचे प्राध्यापक जरा कचरतात, मग आमच्यासारख्याला बोलावणं येतं. मी काही वर्षं तो भाग शिकवला. ती मुलं सकाळी सहाला मैदानावर घाम गाळून यायची आणि अकरा वाजता माझ्यासमोर प्लेटो ऐकत बसायची. निम्मी पेंगायची, आणि त्यांचा दोष नव्हता. पण त्यांच्याकडून एक शब्द माझ्या डोक्यात बसला तो आजवर निघालेला नाही. तो शब्द म्हणजे 'सूट'.

मी विचारायचो, तुमच्या वर्गात पायाला कॅलिपर लावणारा एक मुलगा आहे, ऐकू न येणारी एक मुलगी आहे. त्यांच्यासाठी पाठ-टाचणात काय लिहाल? उत्तर ठरलेलं असायचं. "सर, त्यांना सूट असते."

आता हा शब्द बघा. करात सूट असते, कर्जाच्या व्याजात सूट असते. सूट ओझ्यातून मिळते. मैदानावर धावणं, चेंडू फेकणं, आरडाओरडा करणं हे दहा वर्षांच्या पोराला ओझं वाटतं का हो? ज्याला सूट मिळाली त्याला विचारा. तो चाळीस मिनिटं काय करतो? इतरांच्या चपला राखतो, दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळतो. मास्तर प्रेमळ असले तर त्याला गुण लिहायला वही देतात. गणिताच्या तासाला तो वर्गात असतो, इतिहासाच्या तासाला असतो. शाळेतल्या एकाच तासाला तो शाळेबाहेर असतो.

हे सगळे मास्तर निर्दय होते असं मी म्हणत नाही. उलट त्यांच्यातल्या बहुतेकांनी ही सूट दयेपोटी दिली. माझं म्हणणं असं आहे की शंभर वर्षं आपण शारीरिक शिक्षक ज्या पद्धतीने घडवला, त्या घडणीतच ही सूट होती. ती कुठून आली, हे आज बघायचं आहे.

सुरुवात ग्रीसपासून करतो, थोडक्यात. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये तिसऱ्या पुस्तकात हेरोडिकस नावाचा एक माणूस येतो. हा व्यायामशिक्षक होता. पुढे तो आजारी पडला आणि त्याने काय केलं, तर व्यायाम आणि वैद्यक यांची सांगड घातली. आपल्या दुखणाईत शरीराला झेपेल असा व्यायाम शोधत तो म्हातारपणापर्यंत जगला. आज आपण त्याचा सत्कार केला असता. सॉक्रेटिसच्या तोंडून प्लेटो मात्र त्याची टर उडवतो. म्हणतो, या माणसाने स्वतःचं मरण लांबवलं आणि इतरांनाही ती वाईट खोड लावली. ज्याला आपलं काम करता येत नाही त्याने औषधपाण्यात दिवस घालवणं नगराच्या उपयोगाचं नाही. व्यायाम नगरासाठी, नगर लढाईसाठी. या हिशोबात अधू शरीराला जागाच नाही.

आणि ॲरिस्टॉटल? त्याने मध्यममार्ग समजावताना उदाहरण घेतलं तेही आखाड्यातलंच. दहा माप अन्न जास्त आणि दोन माप कमी, म्हणून पहिलवान घडवणारा वस्ताद सगळ्यांना सहा माप सांगत नाही. मायलोसारख्या मल्लाला सहा कमी पडेल, नवशिक्याला जास्त होईल. योग्य काय ते ज्याच्या-त्याच्या मानाने ठरतं. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत प्लेटो हमखास असतो. ॲरिस्टॉटलचा हा वस्ताद फारसा सापडत नाही. माझ्या मते या विषयाचं सगळं सार त्या वस्तादाकडे आहे आणि आपण दोन हजार वर्षं प्लेटोचं ऐकत आलो.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राला तालमीची परंपरा जुनी आहे, ते तुम्हा सोलापूरकरांना मी सांगायला नको. पंढरपूर, माळशिरस, मोहोळ भागात गावागावांत लाल माती आहे. तालमीतला वस्ताद आणि शाळेतला पीटीचा मास्तर मात्र वेगवेगळे. वस्ताद एकेका पोराकडे बघतो. कोणाच्या कंबरेत जोर आहे, कोणाचा पट चांगला, कोणाला किती बैठका. शाळेतल्या मास्तरासमोर एकदम साठ मुलं उभी असतात आणि त्याच्याकडे एक शिट्टी असते.

ही शिट्टी युरोपातून आली. स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामशिक्षक तयार करणारी संस्था काढली. त्यांच्या पद्धतीला चार शाखा होत्या: शैक्षणिक, लष्करी, वैद्यकीय आणि सौंदर्याची. म्हणजे ज्याने कवायत घडवली त्याच माणसाने दुखऱ्या शरीराचा व्यायामही त्याच छपराखाली ठेवला होता. इंग्रजी अमलात आपल्या शाळांत पोचली ती कवायत, रांगेची आणि हुकमाची. वैद्यकीय शाखा पुढे इस्पितळांकडे, भौतिकोपचाराकडे गेली. एका घराच्या वाटण्या झाल्या आणि शाळेच्या वाट्याला सावधान-विश्राम आलं.

आपल्याकडे शिक्षक तयार करण्याचं काम आधी मद्रासला सुरू झालं. १९२० साली एच. सी. बक यांनी तिथे वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. महाराष्ट्रात अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायामशाळा उभी केली, तिचं पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. आपल्याला त्याचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण इतिहास वाचताना त्या मैदानाच्या बाहेरही बघावं लागतं. त्याच जर्मनीत १९३३च्या जुलैमध्ये एक कायदा झाला होता. आनुवंशिक समजल्या जाणाऱ्या आजारांच्या आणि अपंगत्वाच्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा. निर्दोष शरीराची पूजा आणि सदोष शरीराची नसबंदी एकाच राजवटीत शेजारी-शेजारी चालली होती. आपल्या अमरावतीच्या मुलांचा याच्याशी काही संबंध नव्हता. पण सुदृढ शरीर म्हणजे राष्ट्र, ही कल्पना त्या काळात जगभर हवेत होती आणि आपल्या व्यायाम चळवळीनेही ती श्वासाबरोबर घेतली. गुलाम देशाला तिची गरजही होती. ज्या सोलापूरने १९३० साली मार्शल लॉ बघितला त्या गावाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

१९३७ साली मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळ आलं. शारीरिक शिक्षणाचा विचार करायला समिती नेमली गेली, अध्यक्ष स्वामी कुवलयानंद. त्यातून १९३८ साली कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. मराठी शाळांतले जुने पीटीचे मास्तर कितीतरी वर्षं तिथूनच येत. 'कांदिवलीचे' म्हटलं की शाळेत त्यांचा दरारा असायचा.

कुवलयानंदांपाशी मी जरा थांबतो, कारण आपल्या विषयाचा सगळा गुंता या एका माणसात दिसतो. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. तिथे आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो याचे प्रयोग चालत. रोग्याला बघून, त्याची प्रकृती तपासून त्याच्यापुरता योगोपचार ठरवला जाई. म्हणजे ॲरिस्टॉटलचा वस्तादच की हा! आणि याच स्वामींनी शाळांसाठी काय लिहिलं, तर 'यौगिक संघ व्यायाम'. शेकडो मुलांनी एका हुकमावर करायचा व्यायाम. दोन्ही कामं मोठी आहेत, दोन्हींची गरज होती. पण व्यक्ती बघून केलेला व्यायाम उपचाराच्या खोलीत राहिला आणि संघ व्यायाम शाळेच्या पटांगणात गेला. ज्या एका माणसाला दोन्ही येत होतं, त्याच्या कामाचेही दोन कप्पे झाले. शिक्षक कांदिवलीत शिकला तो दुसऱ्या कप्प्यातलं.

स्वातंत्र्यानंतर हे बदलेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. १९५७ साली ग्वाल्हेरला लक्ष्मीबाईंच्या नावाने महाविद्यालय निघालं, १८५७ची शताब्दी म्हणून. १९५९-६० पासून राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम आली. इतकं धावा, इतकी उडी मारा, इतका गोळा फेका, ताऱ्यांचं चिन्ह मिळवा. पाठोपाठ चीनचं युद्ध, पाकिस्तानचं युद्ध. शाळेतला व्यायाम पुन्हा सैन्याच्या मापाने मोजला जाऊ लागला. प्रशिक्षण महाविद्यालयांत अमेरिकेच्या क्षमता चाचण्या शिकवल्या जाऊ लागल्या आणि त्यांबरोबर एक नवा देव आला, 'प्रमाणक'. वय अमुक, उंची अमुक, तर पन्नास मीटरला इतके सेकंद. प्रमाणकाच्या तक्त्यात कुबडीवर चालणाऱ्या मुलाला रकाना नसतो. तो नापासही होत नाही. तो तक्त्यातच नसतो.

आणि नेमकं याच वर्षांत आपल्या शाळांत कोण येत होतं? पोलिओची पिढी. आज चाळिशीच्या आतल्या श्रोत्यांना कल्पना येणार नाही. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा, हावड्याचा, आणि २०१४च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. पण साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकात गिरणगावातल्या कुठल्याही शाळेत जा, प्रत्येक वर्गात कॅलिपर वाजायचं. या मुलांना कोणी 'समावेशित शिक्षणा'खाली दाखल केलं नव्हतं. तो शब्दच नव्हता. ती आईच्या कडेवर, भावाच्या सायकलवर बसून आली आणि शिकली. त्यांतले कितीतरी पुढे बँकेत, पोस्टात, महापालिकेत लागले, प्राध्यापक झाले. सात रस्त्याच्या आसपासच्या कार्यालयांतून आपण त्यांना वर्षानुवर्षं बघत आलो आहोत. त्यांच्यातल्या कोणाला शाळेची आठवण विचारा, गणिताचे मास्तर आठवतात, मराठीच्या बाई आठवतात. पीटीचे सर आठवतात ते लांबून.

दुसरीकडे विशेष शाळांचा इतिहास वेगळाच चालला होता. मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ साली निघाली, अंधांसाठी व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ साली, पुण्याची अंधशाळा १९३४ साली. म्हणजे कांदिवलीच्या आधी कितीतरी. त्या शाळांत खेळ होते. पण तिथला अनुभव प्रशिक्षण महाविद्यालयात जाण्याची वाटच नव्हती. ही वाट का नव्हती याचं उत्तर सरकारी दप्तरात आहे. विशेष शाळा समाजकल्याण खात्याकडे, आता २०२२ पासून दिव्यांग कल्याण विभागाकडे. साध्या शाळा शिक्षण खात्याकडे. स्पर्धा क्रीडा खात्याकडे. शिक्षकांच्या बाबतीत तर दोन वेगळ्या परिषदा. विशेष शिक्षकाचं प्रशिक्षण भारतीय पुनर्वास परिषदेखाली, कायदा १९९२चा. पीटीच्या शिक्षकाचं प्रशिक्षण राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेखाली, कायदा १९९३चा. एका वर्षाच्या अंतराने संसदेने दोन दारं बसवली आणि मधली भिंत तशीच राहिली. विशेष शिक्षकाला मूल कळतं पण खेळ येत नाही, क्रीडाशिक्षकाला खेळ येतो पण मूल कळत नाही. आमच्या सांख्यदर्शनात एक अंधपंगुन्याय आहे. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो, एक चालतो, एक वाट दाखवतो आणि दोघं अरण्यातून बाहेर पडतात. पुरुष आणि प्रकृती यांचा संबंध सांगायला हा दृष्टान्त योजला. आपल्या या दोन परिषदांना तो जास्त शोभेल. फक्त अजून कोणी कोणाच्या खांद्यावर बसलेलं नाही.

मग दिव्यांग खेळाडू घडले कुठे? घडले तर आहेतच. इथे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर घ्या. इस्लामपूरचे. लष्करात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यापाशी अडकली, कंबरेखालचं शरीर गेलं. लष्करी रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक घेतलं, ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह. ऑलिंपिक म्हणा, पॅरालिंपिक म्हणा, भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण ते.

या पॅरालिंपिकचं मूळही बघा. लुडविग गुटमान नावाचे ज्यू डॉक्टर. मघाशी मी ज्या जर्मनीबद्दल बोललो तिथून १९३९ साली जीव वाचवून इंग्लंडला आले. स्टोक मँडेविलच्या इस्पितळात मणक्याला मार बसलेल्या सैनिकांना त्यांनी खेळायला लावलं. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, सोळा जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. कर्णबधिरांचं तर त्याआधीच, १९२४ साली पॅरिसला, सुरू झालं होतं. तर मुद्दा असा, की पेटकर इस्पितळातून आले. त्यांच्या मागे डॉक्टर होते, लष्कर होतं, मदतीला विजय मर्चंट होते. प्रशिक्षित शारीरिक शिक्षक या कथेत कुठेच नाही. १९७२ साली इस्लामपूरच्या एखाद्या शाळेत पाय गेलेला मुलगा असता तर त्याला पोहायला कोण शिकवणार होतं? पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. छेचाळीस वर्षं. एवढा काळ आपल्या प्रशिक्षण महाविद्यालयांच्या भिंतीवर ध्यानचंद होते, खाशाबा होते. पेटकरांचा फोटो मला दिसला नाही.

माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची दोन उदाहरणं आहेत, कारण त्यांत शिक्षक आहे.

पहिलं मल्लखांबाचं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला रूप दिलं तो आपला मल्लखांब. दादरच्या शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिर आहे, १९२५ सालचं. तिथल्या उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलामुलींना मल्लखांब शिकवला. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. मी जेव्हा पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी प्रतिक्रिया तुमच्यासारखीच होती: खांबावर, जमिनीपासून इतक्या उंच, दिसत नसलेलं मूल? धोका नाही का? नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की यात तर्क पक्का आहे. चेंडू पळतो, खांब पळत नाही. तो आहे तिथेच राहतो. मल्लखांबात डोळ्यांचं काम थोडं, पकडीचं जास्त. मांडीला, काखेला, तळव्याला खांब कळत असतो आणि त्यावरून आपलं शरीर कुठे आहे तेही कळतं. डोळस मुलगाही वर उलटा लटकला की स्पर्शावरच चालतो. शिक्षकाला बदल करावा लागतो तो स्वतःच्या शिकवण्यात. 'माझ्याकडे बघ आणि असं कर' हे चालत नाही. उडीचे टप्पे शब्दांत सांगावे लागतात, मुलाचा हात स्वतःच्या शरीरावरून फिरवून पकड समजवावी लागते, उतरण्याची जागा पावलांनी मोजून द्यावी लागते. जो मास्तर हे करू शकतो तो डोळस मुलांनाही जास्त चांगलं शिकवतो. कारण त्याला त्या उडीत काय-काय होतं ते स्वतःला शब्दांत कळलेलं असतं.

हे कुठल्या परदेशी पुस्तकातून आलेलं नाही. आपल्या घरची वस्तू होती, कोणीतरी ती नीट बघितली. लेझमीचंही तसंच. ताल कानावर येतो, पावलं मोजता येतात. कुस्तीचंही. दृष्टिहीनांच्या ज्युदोत दोघं एकमेकांचे कपडे पकडूनच सुरुवात करतात. एकदा अंगाला अंग लागलं की डोळ्यांची मातब्बरी कमी होते, हे तालमीतल्या कोणालाही विचारा. हरियाणाचे वीरेंद्र सिंग, ऐकू-बोलता न येणारे मल्ल, डेफलिंपिक्समध्ये तीन सुवर्णं जिंकले ते आखाड्यातूनच आलेले.

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं. सुयश जाधव. लहानपणी विजेच्या धक्क्याने त्याचे दोन्ही हात गेले. २०१६च्या रिओ पॅरालिंपिकसाठी तो 'अ' दर्जाची वेळ नोंदवून पात्र ठरला, २०१८च्या आशियाई पॅरा स्पर्धेत बटरफ्लायमध्ये सुवर्ण घेतलं, २०२० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. याचे वडील कोण? क्रीडाशिक्षक, आणि स्वतः पोहणारे. अपघाताआधी त्यांनी पोराला पोहायला शिकवलं होतं, अपघातानंतर पुन्हा पाण्यात उतरवलं. मी या गोष्टीकडे जरा वेगळ्या अंगाने बघतो. पीटीच्या मास्तराला हे जमतं, याचा हा जिवंत पुरावा आहे. हात नसलेल्या मुलाचा तोल पाण्यात कसा राहील, पायांनी किती जोर लावायचा, वळताना काय करायचं, हे सगळं मैदानावरच्या माणसाला सुचू शकतं. पण तो मुलगा स्वतःचा होता. दुसऱ्याचा असता, चाळिसातला एक असता, तर? शिक्षकाला दुसऱ्याच्या मुलासाठीही हे सुचावं, यासाठीच तर प्रशिक्षण असतं.

कायद्याचं भरभर सांगतो, कारण कायदा कमी पडलाय अशी परिस्थिती नाही. अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्राची योजना १९७४ची. १९९५चा अपंग व्यक्ती कायदा. मग सर्व शिक्षा अभियान. २००७ साली आपण संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्यात शाळेतल्या खेळांत दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा असं स्पष्ट लिहिलंय. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा, एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व मानणारा. त्याचं सोळावं कलम शिक्षणसंस्थांना सांगतं की शिक्षण द्या आणि खेळाच्या व मनोरंजनाच्या संधीही इतरांसारख्याच द्या. म्हणजे चपला राखायला बसवणं हे आता कायद्यालाही मंजूर नाही. अमेरिकेने १९७५ सालीच विशेष शिक्षणाच्या व्याख्येत शारीरिक शिक्षण घातलं होतं आणि म्हणून तिथे 'अनुकूलित शारीरिक शिक्षण' हा स्वतंत्र पेशा झाला. आपल्याकडे तो एक धडा झाला. धडा म्हणजे काय, तर दिव्यांगत्वाचे प्रकार, कारणे, व्याख्या. दहा गुणांची टीप. मुलं पाठ करतात आणि गुण मिळवतात. सीबीएसईच्या बारावीच्या शारीरिक शिक्षणात हा भाग आहे, बी.पी.एड.मध्ये आहे. प्रत्यक्ष मूल समोर आणून शिकवलेला पाठ मात्र अभावानेच.

मग शिकवायचं काय? प्रकार आणि व्याख्या पुस्तकात सापडतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना चार-पाच प्रसंग द्यायचो, भौतिकोपचाराच्या आणि विशेष शाळांतल्या मित्रांकडून समजून घेतलेले.

सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल रांगेत आहे आणि तुम्ही पोटातून ओरडता, "सावधान!" त्या मुलाचे स्नायू अचानक आवाजाने आणखी आखडतात, ते दचकून पडूही शकतं. म्हणजे तुमचं मुख्य हत्यार, तुमचा आवाज, इथे उलटं चालतं. हळू सांगा, वेळ द्या.

डाउन सिंड्रोम असलेली मुलगी गोड हसते, सगळ्यांबरोबर कोलांटउडी मारायला धावते. यातल्या काही मुलांच्या मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. डॉक्टरांनी मान तपासल्याशिवाय कोलांटउडी द्यायची नाही. बाकी नाच, धाव, चेंडू, पोहणं, सगळं द्या. इथे दोन्ही चुका होतात. एक मास्तर काहीच करू देत नाही, दुसरा सगळंच करायला लावतो.

मज्जारज्जूला इजा झालेला, चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा. इजेच्या खालच्या भागात त्याला घाम नीट येत नाही, त्यामुळे अंग लवकर तापतं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. सावली, पाण्याचा फवारा, सकाळची वेळ.

ऐकू न येणारा मुलगा शर्यतीत नेहमी मागे का राहतो? शिट्टी ऐकू येत नाही म्हणून. इतर पळाले की तो पळतो. हातातला रुमाल खाली करा, प्रश्न मिटला. पण काही बधिर मुलांचा कानातला तोल सांभाळणारा भागही दुखावलेला असतो, तेव्हा कठड्यावर चालवताना हाताशी राहावं लागतं.

आणि दृष्टिहीनांचं क्रिकेट. १९२२ साली मेलबर्नच्या अंध कामगारांनी डब्यात खडे घालून सुरू केलेला खेळ. आज छर्रे घातलेला प्लास्टिकचा चेंडू असतो, खालून टाकायचा. गोलंदाज विचारतो, तयार? फलंदाज हो म्हणतो, मगच चेंडू सुटतो. अकरांत पूर्ण अंध किमान चार हवेत आणि त्यांच्या धावा दुप्पट धरतात. पहिला विश्वचषक १९९८ साली दिल्लीत झाला. नियम बदलले म्हणून क्रिकेट लहान झालं का? वनडेत पॉवरप्ले आणला तेव्हा आपण हा प्रश्न विचारला नव्हता.

हे पाच प्रसंग शिकवायला पाच तास लागतात. प्रत्यक्ष करायला मात्र मूल लागतं. दोन वर्षांच्या बी.पी.एड.मध्ये सराव पाठ असतात. त्यातले काही आपल्याच शहरातल्या मूकबधिर किंवा दृष्टिहीन मुलांच्या शाळेत घ्यावेत, तिथल्या विशेष शिक्षकाबरोबर मिळून घ्यावेत, एवढंच माझं मागणं असायचं. कधी जमलं, बहुतेकदा परवानगीच्या पत्रात अडलं, कारण मघाशी म्हटलं तसं खाती वेगळी. आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत तर बहुधा स्वतंत्र पीटीचा शिक्षक नसतोच, वर्गशिक्षकच तो तास घेतात. त्यामुळे डी.एड.च्या मुलांनाही हे लागणार.

शेवटी एक बाब, जिच्याबद्दल मी शारीरिक शिक्षणातल्या मित्रांशी बराच वाद घातला. बी.पी.एड.च्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणी असते. शारीरिक शिक्षकाला शरीर हवं, हे मला मान्य आहे. पण २०१६च्या कायद्याचं सतरावं कलम शिक्षक घडवण्याबद्दल बोलताना दिव्यांग शिक्षकांचाही उल्लेख करतं. उद्या सुयशसारख्या कोणाला क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर तो गोळा कसा फेकणार? आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीने २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेतलं, एक हात अधू असताना. तो सगळ्यांना मागे टाकील. पण चाकाच्या खुर्चीवरची एखादी हुशार मुलगी, जिला बास्केटबॉल येतो, मुलांना शिकवायची हातोटी आहे, तिला धावण्याच्या चाचणीत आपण काय देणार? तिथेही सूटच? की चाचणीच वेगळी? दिव्यांग मुलांच्या क्षमतेसाठी वेगळी प्रमाणकं तयार झालेली आहेत, ब्रॉकपोर्ट चाचणी १९९९ सालीच आली. शिक्षकांच्या प्रवेशासाठी तसं काही करणं अशक्य नाही. माझे मित्र म्हणतात, प्रात्यक्षिक कोण दाखवणार? मी म्हणतो, ऐंशी वर्षांचे वस्ताद खाटेवर बसून डाव सांगतात तेव्हा प्रात्यक्षिक कोण दाखवतं? शेजारचा पोरगा दाखवतो.

या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. समोर काही क्रीडाशिक्षक बसलेले दिसतात, त्यांचं मत ऐकायला मला आवडेल. मी इथे थांबतो, आता तुम्ही बोला.